मोठीने सांगायला हवं होतं का

२ मार्च

बारकी,

आज रविवार. सकाळी पाण्याची टाकी धुवायला माणूस आला होता. तो गेल्यावर तुझ्या ताईचं कपाट रिकामं केलं. दुपार झाली. जे कपडे तुला होतील असं वाटलं ते या खोक्यात घातले आहेत. राखाडी स्वेटर तिनेच तुझ्यासाठी म्हणून वेगळा ठेवला होता. तिचे दोन चष्मे आहेत. एकाची काडी तारेने बांधलेली आहे, ती तसाच वापरायची. इयरफोन आहेत. तुला लागतील की नाही माहीत नाही, पण टाकून देववले नाहीत.

मग जेवलो. भांडी घासली.

एक विचारायचं आहे. टीव्ही लावला की बातम्यांच्या आधी 'पुढे पाहा' अशी एक ओळ येते. तिथे पहिल्यांदा तुमची ती कोरियन मालिका दिसते, लाँड्रीवाली. मोठ्या बहिणीचा चेहरा, खाली लाल रेघ आणि 'भाग १४'. रोज. बटणं दाबून पाहिली, जात नाही. खातं तुम्हा दोघींचं एकच होतं, तेव्हा तुला माहीत असेल. ते कसं काढायचं ते कळव.

तू त्या दिवसापासून फोनवर बोलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. लॅबचं काम ठीक चाललं असेल.

— भाऊजी


९ मार्च

भाऊजी,

खोका मिळाला. वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले म्हणून नव्हे.

ती रेघ काढायची नाही. बटणं दाबायची नाहीत. बातम्या बघायच्या असतील तर शेजारी जाऊन बघा. टाकी धुतलीत, कपाट रिकामं केलंत, भांडी घासलीत, आणि आता ती टीव्हीवरूनही पुसायची? किती स्वच्छ माणूस आहात हो तुम्ही!

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडेन आणि तुम्ही गप्प राहाल. तुमचं गप्प राहणं मी ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत ऐकलं, तेवढं पुरे झालं. दर रविवारी दुपारी मी इथे आणि ताई तिथे मालिका लावायचो, फोन स्पीकरवर, आणि मागून तुमच्या इस्त्रीचा फुस्स असा आवाज. मी विचारायचे, "भाऊजी आहेत का गं?" ताई म्हणायची, "आहेत ना, शर्टांशी बोलतायत." आणि मी हसायचे! ताईच्या हातात सुई टोचलेली असायची आणि मी तिला विचारायचे, या हिरोला एवढ्या लांब कोटात उकडत कसं नाही. तुम्ही शेजारच्या खोलीत उभे. एकदा फोन हातात घेऊन म्हणाला असतात, "बारके, ये." बास. त्यात काय जीभ झिजली असती?

आणि शेवटी फोन केलात तेव्हा काय म्हणालात? "जमलं तर ये." जमलं तर! मी काय सिनेमाला येणार होते?

लोक या मालिकांना नावं ठेवतात. आमच्या दातांच्या लॅबमधले साहेब म्हणतात, रडका माल. त्यांना कोरियाचे फक्त खुनाचे सिनेमे चालतात, पडद्यावर पाटी येण्याआधीच कुऱ्हाड निघते असले. मी त्यांना म्हणते, तुम्ही कुऱ्हाड बघा, आम्ही एका छत्रीतली दोघं बघतो. पण त्या रडक्या मालिकांत धाकटी बहीण धावते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून, पायातला बूट निसटेपर्यंत धावते, आणि पोचते. पोचतेच. मी धावले नाही, कारण धावायचं आहे हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आले तेव्हा पलंगावर नवी चादर होती. ताणून घातलेली, कडा आत खोचलेल्या. तुम्हीच खोचल्या असणार.

माझी लायसन्सची परीक्षा होती, कबूल. ती नोव्हेंबरात संपली. मग? डिसेंबरात काय मी बनवलेल्या कवळ्या स्वतःच लावून बसले होते?

तुम्ही ठरवलंत. बारकीला कळवायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत, आणि मला त्यात कोणी विचारलं नाही.

— बारकी

स्वेटर काखेत घट्ट होतो. तरी घातलाय.


१८ मार्च

बारकी,

आज ऑफिसच्या बिल्डिंगमधली मधली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. दुपारपर्यंत तिच्यावर होतो. अडकलेली माणसं बाहेर आली की पहिल्यांदा माझ्यावर ओरडतात, कारण समोर मी असतो. मला सवय आहे. म्हणून तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं नाही. पण काही गोष्टी तू चुकीच्या लिहिल्या आहेस.

चादर मी खोचली नाही. हॉस्पिटलच्या बाईने खोचली. मी बाहेर उभा होतो.

'जमलं तर' म्हणालो, कारण तुझी ताई समोर पडून माझ्याकडे बघत होती. मी फोन लावलेलाच तिला नको होता. तिच्यापासून लपून लावायला हवा होता असं तुला वाटत असेल. मी घरात कधी लपून काही केलं नाही.

परीक्षा संपल्यावर ती म्हणाली, निकाल लागू दे. निकाल लागल्यावर म्हणाली, नवीन जागी रुळू दे. मग एका आठवड्यात सगळं झालं. तिला बोलणं सुचेनासं झालं त्याच दिवशी मी फोन केला.

आता मालिकांबद्दल. माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. आमच्या रिसेप्शनवरची बाई म्हणते की या मालिकांतले पुरुष बायकांचं ऐकून घेतात, म्हणून बघाव्यात. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळ्यांचे चेहरे सारखे, कोण कोणाचा नवरा ते कळत नाही. मीही एकदा घरी तसं म्हणालो होतो. तुझी ताई म्हणाली, "तुम्हाला लिफ्टच्या मोटारी आवाजावरून ओळखता येतात आणि माणसं चेहऱ्यावरून येत नाहीत?" त्यानंतर मी ते कधी म्हटलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्यांत कोणी कोणाला काही सांगत नाही. आजार सांगत नाहीत, प्रेम सांगत नाहीत, नोकरी गेली ते सांगत नाहीत. कोणी एक वाक्य धड बोललं तर मालिका दुसऱ्याच भागात संपेल, मग सोळा भाग काय दाखवणार? म्हणून गप्प बसणं सुंदर करून दाखवतात. मागे पियानो वाजतो. खिडकीबाहेर बर्फ पडतो. माणूस मरायला टेकलेला असतो आणि केस नीट विंचरलेले असतात. तुझ्या ताईने वर्षानुवर्षं हे पाहिलं आणि तिला वाटलं, आजारी पडण्याची हीच रीत. आमच्याकडे पियानो नव्हता. उलटीची बादली होती. ती मी धुवायचो.

तेव्हा 'तुम्ही ठरवलंत' असं मला पुन्हा लिहू नकोस. कोणी ठरवलं ते बघायचं असेल, तर भाग अकराच्या रविवारी तू स्वतः काय बोललीस ते आठव.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. आता राहू दे. सोडून दे.

— भाऊजी


२६ मार्च

भाऊजी,

सोडून दे? खडा मारायचा आणि म्हणायचं, सोडून दे?

काय बोलले मी भाग अकराच्या रविवारी? मला आठवत नाही. मी दर रविवारी दुपारभर नुसती बडबडत असायचे. ताईचं इंटरनेट जोरात, माझं रखडत. त्यामुळे तिच्याकडे सगळं आधी घडायचं. ती "अगं बाई!" म्हणायची आणि मग माझ्याकडे ती मोठी बहीण चक्कर येऊन पडायची. मी ओरडायचे, "ताई, तोंड मिटून बस की जरा!" तेव्हाही सगळं तिला आधी कळायचं.

आम्ही तर भांडायचोच. मला डब केलेली मालिका आवडायची, तिला खाली अक्षरं वाचायला लागायची. ती म्हणायची, "डब केलेलं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून बोलणं." तिला कोटवाला आवडायचा, मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. सगळं माहीत असून दाराबाहेर उभा राहतो, बोलत नाही, आणि बायका म्हणतात, काय बाई खोल माणूस! खोल कसला? गटारसुद्धा खोल असतं. हे मी ताईला म्हणाले होते. ती खूप हसली होती. आता कळलं का हसली. तिच्या शेजारच्या खोलीत एक होता ना, बिनकोटाचा.

आणि मालिकांनी ताईला गप्प राहायला शिकवलं म्हणता? ताईला? मी शाळेत असताना माझे दात पुढे होते. तार बसवायची होती. ताईने मला सांगितलं, बागेत चाललोय. मी घसरगुंडीवर बसायला म्हणून आनंदाने निघाले आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसले. मी रडले, तर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर काल रात्रीपासून रडली असतीस. मी तुझं अर्धं रडणं वाचवलं." तेव्हा आमच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता. तेव्हा कोरियाला दोष देऊ नका. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत होता. तिला अडवणारा घरात एकच माणूस होता, आणि तो इस्त्री करत होता.

सांगा. काय बोलले मी? सगळं सांगा. मला अर्धं नको.

— बारकी


४ एप्रिल

बारकी,

आज काम लवकर संपलं. येताना बल्ब आणला आणि जिन्यातला बदलला. तू सगळं सांग म्हणालीस, म्हणून सांगतो.

भाग अकरात मोठीला कळतं की ती बरी होणार नाही. धाकटीची पोहण्याची स्पर्धा तोंडावर असते. मोठी रिपोर्ट इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून देते आणि कामाला लागते. भाग तिथे संपला. मी पॅसेजमध्ये होतो. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला दोघींचं ऐकू येत होतं.

तुझ्या ताईने विचारलं, "बारके, तुला काय वाटतं? मोठीने सांगायला हवं होतं का?"

तू तोंडात काहीतरी चघळत होतीस. तू म्हणालीस, "छे! मुळीच नाही. तिची स्पर्धा आहे ना. मोठी बरोबर करतेय."

ती म्हणाली, "तू धाकटी असतीस तर?"

तू म्हणालीस, "तर मलाही नकोच होतं कळायला. सुखाने पोहू दे की बिचारीला. नंतर रडायला जन्म पडलाय."

ती म्हणाली, "बघ हं." तू म्हणालीस, "बघ काय? लिहून घे."

तिने फोन पालथा ठेवला, भिंतीला धरत पॅसेजपर्यंत आली आणि मला म्हणाली, "अहो, ऐकलंत? तिनेच सांगितलंय. आता तुम्ही तोंड उघडायचं नाही."

त्याआधी मी तिच्याशी महिनाभर भांडत होतो. मी भांडतो हे तुला खरं वाटणार नाही. मी रोज म्हणत होतो, बारकीला बोलव. ती म्हणत होती, तिला नको असेल. मी म्हणत होतो, तुला काय माहीत? त्या रविवारी तिला माहीत झालं. मी पुन्हा इस्त्रीकडे वळलो.

नंतर तू इथे येऊन सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "तुम्ही माझी बहीण चोरलीत." मी काही बोललो नाही. तेव्हाही बोलू शकलो असतो. तुझंच वाक्य तुला ऐकवलं असतं तर तू तिथेच खाली बसली असतीस, म्हणून गप्प राहिलो. त्या गप्प बसण्यालाही तू पत्रात नावं ठेवलीस. आता घे. सगळं सांगितलं. अर्धं ठेवलेलं नाही.

— भाऊजी


२३ एप्रिल

बारकी,

तुझं उत्तर आलं नाही. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. लॅबमध्ये केला, तेव्हा तुमचे साहेब म्हणाले, कामावर येते पण बोलत नाही.

शनिवारी टीव्ही लावला तर मोठीच्या चेहऱ्याखाली 'भाग १४'च्या जागी 'भाग ११' होतं. मी घाबरलो. मला वाटलं माझ्याच हातून काही दाबलं गेलं. रविवारी लाल रेघ भागाच्या मधोमध होती. सोमवारी पुन्हा अगदी सुरुवातीला. काल 'भाग १२'. मग लक्षात आलं की खातं एकच आहे आणि तिकडे तू बघते आहेस.

फोन उचलत नाहीस आणि मालिका बघतेस. तू किती पुढे गेलीस ते मला रोज टीव्हीवर कळतं. बातम्या त्यानंतर बघतो.

मी जे लिहिलं ते खरं होतं. पण खरं होतं म्हणून लिहिलं नव्हतं. तू मला गटार म्हणालीस म्हणून लिहिलं. एवढंच कळवायचं होतं.

जेवत जा.

— भाऊजी


२ मे

भाऊजी,

नमस्कार. लिहिलाय बघा या वेळी.

मी बोलले होते. तुम्ही लिहिलंत तस्संच बोलले होते. भाग अकरा पुन्हा लावला आणि तो रिपोर्ट कपड्यांखाली गेल्याबरोबर मला सगळं आठवलं. मी शेंगदाणे खात होते. 'लिहून घे' म्हणताना एक साल दातात अडकलं होतं, ते जिभेने काढत होते. एवढ्या निष्काळजीपणे मी ताईला मरायची परवानगी दिली. मग मी तोच भाग परत परत लावला. कामावर कवळी घासताना तेच. एक कवळी वाया घालवली. साहेब जाताना फक्त म्हणाले, "तुमच्या त्या रडक्या मालिकांत एवढं असतं का हो?" मी म्हटलं, असतं.

मला वाटलं संपलं. तुम्ही बरोबर, मी चूक. हे लिहून टाकायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

मग बारावा भाग लावला.

भाऊजी, बाराव्या भागाच्या रविवारी तुम्ही घरी नव्हतात. ऑफिसमधून बोलावणं आलं होतं, लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. इस्त्रीचा आवाज नाही म्हणून मी विचारलं, तेव्हा ताईनेच सांगितलं. त्या भागात धाकटीला कळतं. ती स्पर्धा जिंकून येते, रिपोर्ट सापडतो, आणि ती मोठीच्या लाँड्रीत जाऊन इस्त्री केलेले, घड्या घातलेले सगळ्या गल्लीचे कपडे रस्त्यावर फेकते. पावसात. पांढरे शर्ट, चादरी, कोणाकोणाचे युनिफॉर्म, सगळे.

मी खुर्चीतून उठले होते. मी ओरडले, "बरोबर केलं! मी असते तर दुकानच पेटवलं असतं!"

ताई म्हणाली, "मागच्या रविवारी तर म्हणालीस, सांगू नये."

मी म्हणाले, "मागच्या रविवारी मी गाढव होते. ही कोण लागून गेली ठरवणारी? मला असं कोणी केलं ना, तर मी जन्मात माफ करणार नाही. मेली तरी नाही."

हे मी बोलले, भाऊजी. असंच. 'मेली तरी नाही.'

मला वाटलं फोन कटला. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, "मालिका आहे गं. किती मनाला लावून घेतेस." आणि म्हणाली, "चल, ठेवते. आज पाय जरा दुखतायत."

पुढे आम्ही तेरावा पाहिला, चौदावा पाहिला. तिने ते पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे तिच्याकडे माझी दोन उत्तरं होती. एक तुमच्यासमोर दिलेलं आणि एक तुम्ही नसताना दिलेलं. तिने तिच्या सोयीचं ठेवून घेतलं आणि तुम्हाला तेच दाखवत राहिली. बागेत चाललोय म्हणून.

भाऊजी, मी ताईवर चिडलेय. एवढी चिडलेय की तिचा चष्मा ड्रॉवरमध्ये उलटा ठेवलाय. हे कोणाला सांगू? ती गेली म्हटल्यावर सगळे तिचं चांगलंच बोलतात, मीही मान डोलावते. तुमच्यावर चिडणं सोपं होतं. तुम्ही जिवंत आहात.

मला एकच सांगा. त्या रविवारी तुम्ही घरी आल्यावर ती काय म्हणाली?

— बारकी


११ मे

बारकी,

आज रविवार. सकाळी दूध तापवलं, भाजी आणली, शर्टांना इस्त्री केली. तुझं पत्र बुधवारी आलं, ते आज पुन्हा वाचलं. दुपारी टीव्ही लावून भाग बारा पाहिला. तो मी पाहिलेला नव्हता.

त्या रविवारी अंधार पडताना घरी आलो. तुझी ताई पलंगावर बसली होती. मी विचारलं, "बारकी काय म्हणाली?" ती म्हणाली, "काही नाही. कोटवाल्याला नावं ठेवत होती." मग म्हणाली, "शर्टाला ग्रीस लागलंय तुमच्या, आधी काढून टाका." मी काढून टाकला. एवढंच झालं.

ती माझ्याशी खोटं बोलत नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यावर मी शेवटपर्यंत तोंड बंद ठेवलं. रात्री तिला थंडी वाजायची तेव्हा मी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो, कारण तुलाच नको होतं ना.

धाकटी कपडे फेकते ती जागा आली. सकाळचे शर्ट पलंगावर ठेवलेले होते. मी उठलो आणि ते उचलून जमिनीवर फेकले. माझ्या वयाच्या माणसाने हे लिहू नये, पण फेकले. आणि मोठ्याने बोललो. सगळं लिहीत नाही. 'तुझ्या शब्दावर विसंबून बसलो आणि शब्दच खोटा होता' असं म्हणालो. 'मला बारकीसमोर उभं करून तू निघून गेलीस' असं म्हणालो. आणखीही बोललो. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, टीव्ही आहे.

तू विचारलंस, हे कोणाला सांगू. मला लिही. पाहिजे तितकं वाईट लिही. मी तिची बाजू घेणार नाही. तू ठरवलंस असं मी म्हणालो होतो, ते चूक होतं. चष्मा मात्र सरळ ठेव, काच घासली जाईल.

त्यानंतर उरलेले भाग पाहिले. मध्ये एकदा टीव्हीने विचारलं, तुम्ही अजून पाहत आहात का? मी 'हो' दाबलं.

पंधरा आणि सोळा तू पाहिलेले नाहीस. शेवट काय होतो ते मी पुढे लिहितो आहे. तुला आधी कळायला नको असेल तर पुढची ओळ वाचू नकोस, पत्र इथेच घडी कर. या वेळी तू ठरव.

मोठी बरी होते. कशी ते नीट सांगत नाहीत. बर्फ पडतो, पियानो वाजतो. कोटवाला शेवटी कोट काढतो आणि मोठीच्या खांद्यावर घालतो. रिसेप्शनवरच्या बाईला आवडेल. तुझ्या ताईलाही आवडलं असतं. ती रडली असती आणि वर मलाच म्हणाली असती, तुमच्या डोळ्यांत काय गेलंय. मला आवडलं नाही. धाकटी धावत येते आणि मोठीला मिठी मारते. एका मिठीत तिचा सगळा राग जातो. ते मला खोटं वाटलं. इतके भाग लपवलेलं एका मिठीत फिटत नाही. मी ती मालिका आणखी चालवली असती. तू घाई करू नकोस.

लाल रेघ मी काढली नाही. सोळावा भाग संपला आणि मोठीचा चेहरा त्या ओळीतून आपोआप गेला. तिथे आता दुसरीच मालिका आली आहे. त्यातही एक माणूस कोट घालून उभा आहे.

शर्ट अजून जमिनीवर आहेत. उद्या कामावर घालायला एकही राहिलेला नाही. इस्त्री तापायला ठेवली आहे. आता ते उचलतो, थोडं पाणी शिंपडतो आणि पुन्हा करतो.

— भाऊजी